मुखप्रक्षालके, सौम्य

मुखप्रक्षालके, सौम्य : चेहऱ्याच्या त्वचेवरील धूळ, घाम, त्वक्‌स्नेह (त्वचेतील तैलग्रंथींतून स्रवणारा तेलकट पदार्थ), मृत कोशिका व सौंदर्यप्रसाधनांचे अवशेष काढून टाकण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या द्रव्यांना मुखप्रक्षालके म्हणतात. त्यांपैकी जी द्रव्ये त्वचेच्या नैसर्गिक संरक्षक आवरणाला कमीत कमी इजा पोहोचवून हे कार्य करतात, ती सौम्य मुखप्रक्षालके होत. निरोगी व स्निग्ध त्वचेस साधा अंगाचा साबणही बहुधा सहन होतो. कोरड्या व संवेदनशील त्वचेच्या बाबतीत मात्र प्रक्षालकाची निवड हा केवळ आवडीचा किंवा सुवासाचा प्रश्न राहत नाही. अयोग्य द्रव्याच्या नित्य वापराने अशी त्वचा अधिक कोरडी होते, तिला भेगा पडतात, आग होते आणि कित्येकदा इसब उद्‌भवते. प्रक्षालकाची योग्यता ते किती मळ काढते यावरून जितकी ठरते, त्याहून अधिक ते त्वचेवर काय शिल्लक ठेवते यावरून ठरते, हे या विषयातील मध्यवर्ती तत्त्व होय.

त्वचेचे संरक्षक आवरण : बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या थरास शृंगस्तर म्हणतात. त्याची जाडी कागदाहूनही कमी असते. तथापि शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील क्षोभक पदार्थ व सूक्ष्मजंतू यांना आत येऊ न देणे ही दोन्ही कामे मुख्यतः हाच थर करतो. त्याच्या रचनेस विटांच्या भिंतीची उपमा देतात. केराटिन प्रथिनाने भरलेल्या चपट्या मृत कोशिका या विटा व त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. या स्निग्ध द्रव्यात वजनाने सु. निम्मा भाग सेरामाइडांचा, सु. एक चतुर्थांश कोलेस्टेरॉलाचा व उरलेला मुख्यतः मुक्त वसाम्लांचा असतो. कोशिकांच्या आत पाणी धरून ठेवणारे ॲमिनो अम्ले, यूरिया, लॅक्टेटे इ. पदार्थांचे मिश्रण असते. हे पदार्थ पाण्यात सहज विरघळतात, म्हणून वारंवार व दीर्घकाळ धुण्याने ते निघून जातात. शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सु. १० टक्क्यांच्या खाली गेल्यास तो ठिसूळ बनतो. शृंगस्तराची लवचिकता तेलापेक्षा पाण्यावर अवलंबून असते, हे अमेरिकन संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी १९५२ मध्ये दाखविले. त्वचेवरील स्निग्ध द्रव्याचे महत्त्व हे पाणी बाहेर जाऊ न देण्यात आहे.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित अम्लधर्मी असतो. त्याचे पीएच मूल्य साधारणपणे ४·५ ते ५·५ च्या दरम्यान असते (७ हे उदासीन मूल्य असून त्याहून कमी मूल्ये अम्लता व अधिक मूल्ये क्षारता दर्शवितात). हाइन्‍रिख शाडे व आल्फ्रेट मार्किओनीनी या जर्मन वैज्ञानिकांनी १९२८ मध्ये या गुणधर्मास ‘अम्लावरण’ असे नाव दिले. सेरामाइडे तयार करणारी एंझाइमे अम्लीय परिस्थितीत चांगली कार्य करतात, तर कोशिकांना जोडणारे दुवे तोडणारी काही एंझाइमे क्षारतेमुळे अधिक क्रियाशील होतात. पृष्ठभाग क्षारधर्मी झाल्यास भिंतीची दुरुस्ती मंदावते व पडझड वाढते, असे याचे थोडक्यात वर्णन करता येईल [⟶ त्वचा].

कोरडी व संवेदनशील त्वचा : या दोन संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या, तरी त्या भिन्न आहेत. शृंगस्तरात पाणी व स्निग्ध द्रव्य कमी असलेली, खरखरीत, निस्तेज व कोंडा सुटणारी त्वचा ही कोरडी त्वचा होय. ज्या कारणांमुळे सामान्यतः त्रास होऊ नये अशा कारणांनीही, उदा., गार वारा, ऊन, पाणी, साधे मलम, जेथे आग, चुणचुण, खाज किंवा वेदना होते, ती संवेदनशील त्वचा. २०१७ मध्ये तज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने केलेली व्याख्या याच आशयाची आहे. तीनुसार त्वचा दिसण्यात पूर्णपणे निरोगी असूनही संवेदनशील असू शकते. मात्र कोरडेपणामुळे आवरण दुबळे झाले म्हणजे क्षोभक पदार्थ आत शिरतात व संवेदनशीलता वाढते. त्यामुळे दोन्ही स्थिती एकत्र आढळणे नेहमीचे आहे.

कोरडेपणाची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या विघटनातून शृंगस्तरातील जलधारक ॲमिनो अम्ले मिळतात. या प्रथिनाच्या जीनामधील दोष मत्स्यत्वचा या विकारास आणि अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणाऱ्या) इसबाच्या प्रवृत्तीस कारणीभूत असतात, असे २००६ मध्ये दिसून आले. वाढते वय, अवटू ग्रंथीची मंदावलेली क्रिया, कुपोषण, कोरडी हवा, कढत पाण्याचे स्नान व क्षारयुक्त साबण ही अन्य कारणे होत. यांपैकी शेवटची दोन पूर्णतः माणसाच्या हाती असल्याने प्रक्षालकाच्या निवडीस व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते.

साबण व त्याची मर्यादा : तेले अथवा चरबी यांवर दाहक सोड्याची (सोडियम हायड्रॉक्साइडाची) विक्रिया होऊन साबण व ग्लिसरीन तयार होतात. या विक्रियेचे रासायनिक स्वरूप फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूजीन शव्हरल यांनी आपल्या १८२३ मधील ग्रंथात विशद केले. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलात व दुसरे पाण्यात विरघळते, त्यामुळे तेलकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. परंतु साबणाला मळातील तेल व त्वचेच्या भिंतीतील स्निग्ध द्रव्य यांत भेद करता येत नाही. शिवाय साबणाचे विद्राव स्वभावतःच क्षारधर्मी असून त्यांचे पीएच मूल्य बहुधा ९ ते १० च्या आसपास असते. साबणाने धुतल्यानंतर त्वचेचे पीएच मूल्य वाढते. निरोगी त्वचा ते काही तासांत पूर्ववत करते, पण कोरड्या त्वचेची ही क्षमता कमी असते. मूल्य पूर्वस्थितीला येण्यापूर्वीच पुन्हा साबण लावल्यास हानी साचत जाते. क्षारामुळे शृंगस्तर फुगतो व त्यात शिरलेला साबणाचा अंश नुसत्या पाण्याने सहज निघत नाही. धुतल्यानंतर चेहरा ओढल्यासारखा वाटणे व बोट फिरविल्यास करकरणे यांस पुष्कळ लोक स्वच्छतेचे लक्षण मानतात. वस्तुतः ती संरक्षक स्निग्धांश नाहीसा झाल्याची खूण आहे.

वसाम्लांच्या लांबीवरही साबणाची तीव्रता अवलंबून असते. खोबरेल तेलापासून मिळणाऱ्या लॉरिक अम्लाचा साबण भरपूर फेस देतो, पण तो अधिक क्षोभकही असतो. स्टिअरिक अम्लासारख्या लांब साखळीच्या अम्लांचे साबण फेस कमी देतात व तुलनेने मवाळ असतात. फेसाचे प्रमाण हा सौम्यतेचा अथवा स्वच्छतेचा निकष नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. पारदर्शक ग्लिसरीन साबणात जलधारक ग्लिसरीन राहत असल्याने तो काहीसा सुसह्य असतो. तथापि तोही क्षारधर्मीच असतो. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वड्याही मूलतः साबणच असतात [⟶ साबण].

भारतात साबणाच्या वेष्टनावर एकूण वसाद्रव्याचे (टीएफएम) प्रमाण छापलेले असते. भारतीय मानक २८८८ नुसार अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत ते किमान ७६, दुसऱ्या प्रतीत ७० व तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. ‘स्नानवडी’ (बेदिंग बार) या वर्गासाठी भारतीय मानक १३४९८ असून त्यात हे प्रमाण किमान ४० टक्के आहे. अधिक वसाद्रव्य असलेला साबण कमी झिजतो व त्यात निरुपयोगी भरणद्रव्ये कमी असतात. मात्र हा आकडा पीएच मूल्याविषयी काहीही सांगत नाही. ७६ टक्के वसाद्रव्याचा उत्तम प्रतीचा साबणही क्षारधर्मीच असतो. उलट संश्लेषित प्रक्षालकांची सौम्य वडी वसाद्रव्याचे प्रमाण कमी असल्याने ‘स्नानवडी’ या वर्गात मोडू शकते. केवळ या आकड्यावर विसंबून केलेली निवड कोरड्या त्वचेच्या बाबतीत चुकण्याचा संभव असतो.

सौम्य द्रव्यांचे प्रकार : (१) संश्लेषित प्रक्षालकांच्या वड्या : पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत स्निग्ध पदार्थांच्या टंचाईमुळे साबणाला पर्याय म्हणून संश्लेषित प्रक्षालकांचा विकास सुरू झाला. पुढे त्यांतील सौम्य द्रव्ये त्वचेसाठी वापरात आली. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट या द्रव्यावर आधारलेली वडी अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आली. अशा वड्यांचे पीएच मूल्य साधारणतः ५·५ ते ७ असते व त्यांत स्टिअरिक अम्लासारखे स्निग्ध घटक मिसळलेले असतात.

(२) फेसाळ द्रव व जेली : यांत सोडियम लॉरिल सल्फेट हे स्वस्त व प्रभावी द्रव्य असू शकते. ते इतके क्षोभक आहे, की प्रयोगशाळेत त्वचेवर मुद्दाम क्षोभ निर्माण करून अभ्यास करण्यासाठी तेच प्रमाण द्रव्य म्हणून वापरतात. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून मवाळ असते. ग्लुटामेटे, सल्फोसक्सिनेटे व डेसिल ग्लुकोसाइडासारखी शर्करेपासून मिळणारी द्रव्ये आणखी सौम्य होत. एकाच तीव्र द्रव्याऐवजी दोनतीन द्रव्यांचे मिश्रण वापरल्यास क्षोभकता घटते, म्हणून घटकांच्या यादीतील एका नावावरून संपूर्ण उत्पादनाविषयी निर्णय करणे योग्य ठरत नाही.

(३) फेसविरहित लोशने व दुधाळ पायसे : पाणी, ग्लिसरीन, सेटिल व स्टिअरिल अल्कोहॉले आणि अत्यल्प प्रक्षालक अशी यांची घटना असते. नावात ‘अल्कोहॉल’ असले, तरी ही मेणचट, त्वचेला मऊपणा देणारी द्रव्ये आहेत. त्वचा शुष्क करणाऱ्या एथिल अल्कोहॉलाशी त्यांची गल्लत करू नये. अतिशय कोरड्या त्वचेस हा प्रकार सर्वांत मानवतो. तो लावून मऊ कापडाने टिपून घेतला तरी चालत असल्याने पाण्यानेही आग होणाऱ्या रुग्णांना उपयोगी पडतो.

(४) तेले व तैलमलमे : मधमाश्यांचे मेण, ऑलिव्ह तेल व पाणी यांपासून शीतमलम तयार करण्याचे श्रेय परंपरेने इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन यांना देतात. तेलकट प्रसाधने तेलाने सुटतात हे तत्त्व आजही उपयोगात आहे. सर्वच तेले त्वचेस सारखी हितकारक नसतात; मोहरीचे तेल संवेदनशील चेहऱ्यावर आग करू शकते.

पारंपरिक द्रव्ये : महाराष्ट्रात हरभऱ्याचे वा मसुरीचे पीठ, दुधाची साय, उटणे, रिठा, शिकेकाई, मुलतानी माती इत्यादींचा वापर पूर्वापार होत आला आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नानात प्रथम तेल चोळून नंतर उटणे लावण्याची रीत शास्त्रीय दृष्ट्याही अर्थपूर्ण आहे : तेलाचे आवरण आधी असल्याने पिठाकडून मुख्यतः वरचे तेलच शोषले जाते. डाळीचे पीठ साबणासारखे क्षारधर्मी नसते, ही त्याची जमेची बाजू होय. मात्र भरड पीठ जोराने चोळल्यास शृंगस्तर खरवडला जातो. म्हणून ते वस्त्रगाळ, दुधात वा सायीत सैल कालवून व न वाळू देता धुणे आवश्यक असते. रिठ्यातील सॅपोनिने नैसर्गिक असली, तरी स्निग्धांश काढण्यात प्रबळ असून डोळ्यांत गेल्यास तीव्र आग करतात. मुलतानी माती तेल शोषून घेते, त्यामुळे ती स्निग्ध त्वचेस उपयुक्त व कोरड्या त्वचेस प्रतिकूल ठरते. लिंबाच्या रसाचे पीएच मूल्य २ च्या जवळपास असते. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा याउलट क्षारधर्मी आहे. हळद, चंदन व सुगंधी वनस्पतींमुळेही काही व्यक्तींत अधिहर्षता उद्‌भवते. एखादे द्रव्य घरगुती किंवा वनस्पतिज आहे, एवढ्यावरून ते सौम्य ठरत नाही.

स्थानिक परिस्थितीचा प्रभाव : एकच प्रक्षालक निरनिराळ्या हवामानात व पाण्यात निरनिराळे परिणाम घडविते. पूर्व विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला, भातशेती व तलाव यांसाठी प्रसिद्ध असलेला भंडारा जिल्हा या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. येथे पावसाळ्यात हवा दमट असते. हिवाळ्यात ती थंड व कोरडी होते. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते व दुपारची हवा अत्यंत शुष्क असते. म्हणजेच त्वचेतील पाणी ओढून घेणारे ऋतू वर्षात दोन आहेत. पावसाळ्यात चालून गेलेला साबण मार्गशीर्ष-पौषात त्रासदायक ठरतो तो यामुळेच. थंडीत चुलीवर तापविलेले कढत पाणी तोंडावर घेण्याची सवय यात भर घालते, कारण पाणी जितके गरम तितका स्निग्धांश अधिक निघतो.

पाण्याच्या प्रकृतीचाही विचार आवश्यक असतो. विहिरी व कूपनलिका यांचे पाणी खडकांतून झिरपून आलेले असल्याने त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे सामान्यतः तलाव, बोडी किंवा पावसाच्या पाण्यापेक्षा अधिक असतात. अशा दुष्फेन (कठीण) पाण्यात साबण लवकर फेस देत नाही. त्याचा अविद्राव्य साका होऊन तो त्वचेवर बसतो. फेस येत नाही म्हणून साबण अधिक लावला जातो व हानी वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दुष्फेन पाण्याने धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेटाचा अधिक अंश त्वचेवर राहतो व क्षोभ वाढतो, असे आढळले. संश्लेषित प्रक्षालकांचा असा साका होत नाही, म्हणून दुष्फेन पाण्याच्या गावी त्यांचा उपयोग विशेष आहे. बायकार्बोनेटांमुळे आलेला कठीणपणा पाणी उकळून, निवळून घेतल्यास कमी होतो. चेहरा खळबळण्यापुरते असे पाणी वेगळे ठेवणे कोणत्याही घरी शक्य असते.

व्यवसायाचा संबंधही येथे स्पष्ट दिसतो. धानाची मळणी व भातगिरण्या यांतील तुसाची धूळ सिलिकायुक्त व टोकदार कणांची असल्याने ती घामावर चिकटून खाज आणते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनिजाच्या खाणी असून खनिजाची काळी धूळ कामगारांच्या चेहऱ्यावर बसते. ही धूळ तेलकट नसते, त्यामुळे ती काढण्यास तीव्र क्षाराची गरज नसते. प्रथम भरपूर साध्या पाण्याने कण वाहवून नंतर एकदाच सौम्य प्रक्षालक वापरणे पुरेसे होते. कोरड्या कणांवर साबण चोळल्यास ते कण काचकागदाप्रमाणे त्वचा घासतात. कपडे धुण्याच्या साबणाने वा चुऱ्याने तोंड धुणे सर्वथा वर्ज्य होय.

जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव इ. ठिकाणी चालणाऱ्या कोसा रेशमाच्या व्यवसायातून क्षाराच्या क्रियेचे बोलके उदाहरण मिळते. टसर रेशमाचे टणक कोश सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात शिजविल्यावर तंतूंना चिकटवून ठेवणारे द्रव्य सैल होते व धागा सुटतो. रेशीम व शृंगस्तरातील केराटिन ही दोन्ही प्रथिने आहेत. कोशाच्या बाबतीत जी सैलावण्याची क्रिया हवी असते, ती चेहऱ्यावर नको असते. आणि तयार कोसा वस्त्रही तीव्र साबणात न धुता सौम्य द्रवातच धुतात.

निवडीचे निकष : बाजारातील उत्पादनांची नावे व किंमती सतत बदलत असल्याने निवड गुणधर्मांवरून करणे श्रेयस्कर असते. भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू असून वेष्टनावर घटकांची यादी देणे आवश्यक असते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने दिलेले असतात, म्हणून पहिली पाचसहा नावे सर्वांत महत्त्वाची. त्यांत सोडियम पामेट, सोडियम टॅलोएट, सोडियम कोकोएट किंवा सोडियम पाम कर्नेलेट ही नावे आरंभी असल्यास ते उत्पादन साबण आहे असे समजावे. आयसेथिओनेट, ग्लुटामेट, ग्लुकोसाइड, सल्फोसक्सिनेट इ. नावे सौम्य प्रक्षालकांची निदर्शक आहेत. ग्लिसरीन, सेरामाइडे, पेट्रोलॅटम किंवा स्टिअरिक अम्ल यांचा समावेश इष्ट असतो. पीएच मूल्य छापलेले असल्यास ते ५ ते ६ च्या जवळ असावे. व्यापक टप्प्याचा पीएच कागद उपलब्ध असल्यास वडीच्या ओल्या पृष्ठभागावर तो लावून ढोबळ पडताळा घेता येतो.

सुगंधी द्रव्ये ही अधिहर्षतेची वारंवार आढळणारी कारणे असल्याने ती टाळावीत. ‘सुगंधविरहित’ व ‘गंधहीन’ यांत भेद आहे. दुसऱ्या प्रकारात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. मेथिल-आयसोथायाझोलिनोन या परिरक्षकास अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचाशोथाच्या तज्ञांच्या संस्थेने २०१३ चे, तर शांपू व मुखप्रक्षालकांत सर्रास आढळणाऱ्या कोकॅमिडोप्रोपिल बीटेन या द्रव्यास २००४ चे ‘वर्षाचे अधिहर्षक’ म्हणून घोषित केले होते. बीटेन बहुसंख्य लोकांना सौम्यच असते. एका व्यक्तीस मानवलेले द्रव्य दुसरीस मानवेलच असे नाही, हे यावरून लक्षात येते. भरड कण, मेंथॉल, कापूर, सॅलिसिलिक अम्ल व ग्लायकॉलिक अम्ल असलेली उत्पादने कोरड्या व संवेदनशील त्वचेने वर्ज्य करावीत. जंतुनाशक साबणांचाही नित्य वापर अनावश्यक आहे. ट्रायक्लोसानासह १९ जंतुनाशक घटक असलेली घरगुती प्रक्षालके विकण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये मनाई केली, कारण साध्या साबणापेक्षा ती अधिक गुणकारी असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

‘नैसर्गिक’, ‘त्वचारोगतज्ञांनी तपासलेले’, ‘अल्पअधिहर्षक’ (हायपोॲलर्जेनिक) या शब्दांना निश्चित मापदंड नसतो. अमेरिकेत ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाच्या वापरासाठी १९७५ मध्ये केलेला नियम १९७७ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविला आणि हा शब्द पुन्हा उत्पादकाच्या मर्जीवर राहिला. अशा शब्दांपेक्षा घटकांची यादी अधिक विश्वसनीय होय. किंमत हीदेखील सौम्यतेची खूण नव्हे; प्रक्षालक त्वचेवर अर्धा मिनिटच राहत असल्याने त्यात महागडी जीवनसत्त्वे वा अर्क घालून फारसा लाभ होत नाही.

वापर : नवे द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस लहानशा भागावर नेहमीच्या पद्धतीने लावून धुवावे व असे आठवडाभर रोज करावे. लाली, खाज किंवा पुरळ न उठल्यास ते चेहऱ्यावर वापरण्यास हरकत नसते. एका वेळी एकच नवे द्रव्य वापरल्यास त्रासाचे कारण ओळखणे सोपे जाते. सकाळी साधे पाणी पुरेसे असते. प्रक्षालक दिवसातून एकदा, बहुधा रात्री, वापरावे. पाणी कोमट किंवा गार असावे. बोटांच्या अग्रांनी सु. अर्धा मिनिट हलके फिरवून भरपूर पाण्याने चेहरा धुवावा आणि मऊ पंचाने न घासता टिपून घ्यावा. त्वचा किंचित ओलसर असतानाच साधे, सुगंधविरहित मलम किंवा पेट्रोलियम जेली लावल्यास आतील पाणी टिकून राहते. धुण्यानंतर त्वचा ओढत नसेल, लाल होत नसेल व दोनतीन आठवड्यांत खरखर कमी होत असेल, तर निवड योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही. सौम्य वडी किंवा लोशन उपलब्ध नसल्यास चेहऱ्यावर साबण न लावता केवळ पाण्याने तो धुणे हा बिनखर्चाचा व बहुधा निर्धोक पर्याय होय.

वैद्यकीय सल्ल्याची आवश्यकता : प्रत्येक कोरडा चेहरा प्रक्षालक बदलून बरा होत नाही. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असलेली मलमे सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने लावण्याची प्रथा भारतात फार पसरली आहे. त्यामुळे चेहऱ्याची त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात आणि मलम थांबविताच तीव्र आग होते. अशी व्यक्ती आपली त्वचा ‘संवेदनशील’ झाली असे मानून साबण बदलीत राहते आणि आराम मिळावा म्हणून पुन्हा तेच मलम लावते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची १४ स्टेरॉइडे ‘एच’ अनुसूचीत घालून वैद्याच्या लेखी आदेशाशिवाय त्यांच्या विक्रीस बंदी केली. हे मलम वापरणाऱ्यांनी ते कसे थांबवावे हे त्वचारोगतज्ञाकडूनच जाणून घ्यावे.

भुवया व नाकाच्या कडांशी पिवळसर खपल्या, गालांवर टिकून राहणारी लाली, कडा उठावदार असलेले गोल चट्टे (गजकर्ण), उन्हाने वाढणारे पुरळ यांसाठीही तपासणी आवश्यक असते. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण अद्याप आढळतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर, कोरडा व स्पर्श न कळणारा चट्टा असल्यास तो कोरडी त्वचा समजून मलम-साबणावर वेळ दवडू नये. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात आणि वेळीच सुरू केल्यास विकृती टळते. संवेदनशील त्वचेत स्पर्श अधिक जाणवतो, तर अशा चट्ट्यात तो हरपलेला असतो. हा भेद कापसाच्या टोकाने हलका स्पर्श करून कोणालाही पाहता येतो.

[⟶ इसब, कुष्ठरोग, प्रक्षालके, सौंदर्यप्रसाधने].